लिव्हरचा पेशंट घरी पाठवताना घरच्यांना शिकवून पाठवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटीस दिन होतो, पेपरात रॅलीचे फोटो येतात, नर्सिंगच्या मुली हातात बोर्ड घेऊन उभ्या असतात, चांगली गोष्ट आहे, हिपॅटायटीस बी चा व्हायरस शोधणाऱ्या बारुख ब्लुमबर्ग यांच्या वाढदिवसावरून ही तारीख ठरवलीय हेही आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवसापासूनचं. कुठल्यातरी मेडिसिन वॉर्डातून एक लिव्हरचा पेशंट डिस्चार्ज होतो, त्याच्या बायकोच्या हातात इंग्रजीतलं कार्ड आणि गोळ्यांची पिशवी येते, आणि ती बाई नवऱ्याला सांभाळत कदंबा बस पकडून घरी जाते. तो अचानक असंबद्ध बोलायला लागला तर काय करायचं, पोट फुगतंय की तब्येत सुधारतेय हे कसं ओळखायचं, मीठ किती घालायचं, यातलं काहीच तिला कोणी बसवून सांगितलेलं नसतं.

मी स्टाफ नर्स म्हणून सरकारी नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात गेली, आता रिटायर होऊन डिचोली तालुक्यात घरी असते. वाड्यावर कोणी हॉस्पिटलातून आलं की मला हाक मारतात, "सिस्टर, जरा येऊन बघा". मी जाते, आणि प्रत्येक घरात तेच दिसतं. औषधं बरोबर लिहिलेली असतात, डॉक्टरांनी आपलं काम केलेलं असतं, पण लिव्हरचा पेशंट टिकतो तो रोजच्या सांभाळण्यावर, आणि ते सांभाळणं कसं करायचं हे घरात कोणालाच माहीत नसतं. वॉर्डात जे काम नर्स करते तेच घरी बायको, सून किंवा म्हातारी आई करते. नर्सला ते शिकायला तीन-चार वर्षं मिळतात, सुनेला पाच मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की लिव्हरच्या प्रत्येक पेशंटला घरी सोडण्याआधी नर्सने घरच्या माणसाला अर्धा तास समोर बसवून शिकवणं हा ट्रीटमेंटचाच भाग धरावा, इंजेक्शन दिल्याची नोंद करतो तशी चार्टवर त्याची नोंद व्हावी, आणि त्या अर्ध्या तासासाठी वॉर्डात माणसं द्यावीत.

काय शिकवायचं ते थोडं सविस्तर लिहिते, कारण हे पत्र वाचणाऱ्यांत कोणाच्या तरी घरी असा पेशंट नक्की असणार.

सगळ्यात आधी ते गोड सिरप, लॅक्टुलोज. आमच्या शेजारच्या वाड्यावर एक काका होते, सिरोसिस झालेला, म्हणजे लिव्हर आकसून कडक झालेलं, वॉर्डातून चांगले चालत घरी आले. सिरपने दिवसातून तीनदा संडासला व्हायला लागलं, काकूंना वाटलं जुलाब लागलेत, आधीच माणूस अशक्त आणि त्यात हे, म्हणून त्यांनी सिरप बंद केलं. कुठलीही मायेची बाई हेच करेल. चार-पाच दिवसांत काका दिवसा झोपायला लागले आणि रात्री जागे, मग शर्टाची बटणं लावता येईनात, मग मुलालाच ओळखेनात. घरच्यांना वाटलं कोणीतरी दारू पाजली, दुसऱ्याने सांगितलं बाधा झालीय घाड्याला म्हणजे गावच्या मांत्रिकाला विचारूया, आणि त्या विचारण्यात अजून एक दिवस गेला. वॉर्डात आणले तेव्हा पूर्ण बेशुद्ध होते. नशीब की त्यावेळी ते त्यातून बाहेर आले.

आता यात काकूंची काय चूक? त्यांना फक्त एवढं सांगायला पाहिजे होतं की हे सिरप बद्धकोष्ठासाठी दिलेलं नाही. खराब झालेलं लिव्हर आतड्यात तयार होणारा अमोनिया साफ करू शकत नाही, तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो. सिरप तो अमोनिया आतड्यातच अडकवून संडासावाटे बाहेर काढतं. दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ संडास व्हायलाच पाहिजे, औषध लागू पडतंय याची ती खूण आहे. एकही झाली नाही तर डोस वाढवायचा असतो, आणि पाण्यासारखी चार-पाच वेळा व्हायला लागली तर डॉक्टरला विचारून कमी करायचा, कारण अंगातलं पाणी कमी झालं तरी हाच भ्रम होतो. बस, एवढंच. हे मराठीत किंवा कोकणीत सांगायला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांनी एक ऍडमिशन वाचते.

मेंदूवर परिणाम व्हायला लागलाय हे नर्स कशी ओळखते तेही घरच्यांना शिकवता येतं, त्याला मशीन लागत नाही. पेशंटला दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांगायचं, जसं कोणाला थांब म्हणून हात दाखवतो तसं, पंजे फडफडून खाली पडायला लागले तर ती खूण आहे. दुसरं म्हणजे रोज सकाळी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात सही करायला लावायची. सही वाकडी व्हायला लागली, चौकोनाबाहेर जायला लागली की बोलण्यात फरक पडायच्या आधीच कळतं. वॉर्डात आम्ही हे कागदावर करून घ्यायचो आणि राउंडला डॉक्टरांना दाखवायचो. झोप उलटी होणं, म्हणजे दिवसा पेंग आणि रात्री टक्क जागं, हीसुद्धा पहिल्या खुणांपैकी एक. आणि इथेच घरचे झोपेची गोळी देतात, शेजारच्याला दिलेली असते त्यातली एक. कृपा करून देऊ नका. झोपेच्या गोळीने अशा पेशंटला कोमात गेलेलं मी बघितलंय.

मग पोटातलं पाणी. पोट भरलं की टॅपिंग करून पाणी काढतात, एकदम पाच लिटरच्या वर काढलं तर त्याबरोबर अल्ब्युमिनची म्हणजे रक्तातल्या प्रोटीनची बाटली लावतात, ते सगळं हॉस्पिटलातलं काम. घरचं काम म्हणजे वजन. रोज सकाळी, संडास-लघवी झाल्यावर, काही खायच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. दोन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं तर ते अंगावर मांस चढलेलं नाही, ते पाणी आहे. उलट पाण्याच्या म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना फार भराभर वजन उतरणंही वाईट, पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोच्या वर उतरू नये, नाहीतर किडनीवर ताण येतो. वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप घेऊन बेंबीवरून पोट मोजायचं, पेनाने दोन्ही बाजूंना खूण करून ठेवायची म्हणजे रोज टेप त्याच जागी बसते. मी ज्या घरात हे शिकवलं तिथे शाळेत जाणाऱ्या नातीने वही केलीय, आजोबांचं वजन, पोट, संडास किती वेळा, सगळं लिहिते, ती वही ओपीडीत डॉक्टर आधी मागतात.

आणि मीठ. इथे मला जरा जास्त लिहू द्या कारण आपल्या गोव्याच्या जेवणात हा प्रश्न फार मोठा आहे. पोटात पाणी असलेल्या पेशंटने दिवसाला साधारण पाच ग्रॅम मीठ खायचं, म्हणजे सगळं धरून एक लहान चमचा. कार्डावर लिहिलेलं असतं "सॉल्ट रिस्ट्रिक्टेड डाएट" आणि घरी काय करतात तर वरून मीठ घेत नाहीत, मनात म्हणतात झालं. पण सकाळी दहा वाजता पेज, पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा नाहीतर सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर, सोबत मिठात घातलेल्या आंब्याची फोड. पेशंटसाठी पेज हलकी म्हणून देतात, हौसेने देतात, आणि त्या एका वाटीबरोबर दिवसभराचं मीठ पोटात गेलेलं असतं. पावसाळ्यात तर पुरुमेंताचं म्हणजे साठवणीचं सगळं सामान मिठातलंच असतं. पापड, लोणचं, बेकरीची खारी, चिप्स, पाकिटातलं सूप हेही तसंच. चवथीला तर विचारूच नका. चवथीच्या आधी वॉर्डात प्रत्येक पेशंट म्हणतो "सिस्टर, आतां हांव बरो जालों, घरा वतां", आणि मी त्यांना कधीच दोष दिला नाही, वर्षाचा सण आहे, माटोळी बांधायची असते, घरचे सगळे मुंबई-पुण्याहून आलेले असतात. पण घरी गेल्यावर पाच दिवस पापड-लोणचं आणि फरसाण, आणि विसर्जन झालं की तोच पेशंट पोट टम्म फुगवून परत. सण करू नका असं कोणी म्हणत नाही. त्यांचं खतखतं वेगळ्या टोपात मीठ न घालता काढून ठेवा, तेफळांचा वास आहे, कोकमाची आंबटाई आहे, चव लागते. ताजा मासा लिंबू-हळद-मिरी लावून तव्यावर, मीठ नावापुरतं, चालतो. फक्त बाजारात मिळणारं ते "लो सोडियम" मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि पाण्याच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.

खाण्यावरूनच पुढचं. लिव्हरच्या पेशंटला उपाशी ठेवायची आपल्याकडे जी पद्धत आहे ती मोडायला पाहिजे. मासे बंद, अंडी बंद, डाळ बंद, तेल बंद, हळद बंद, फक्त उकडलेलं आणि उसाचा रस. पूर्वी आम्हालाही वॉर्डात प्रोटीन कमी द्या असंच सांगितलं जायचं, पण आता जगभरातले लिव्हरचे डॉक्टर उलट सांगतात, सिरोसिसच्या पेशंटला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन द्या, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम, निरोगी माणसापेक्षाही जास्त. कारण लिव्हर थकलं की अमोनिया साफ करायचं थोडं काम स्नायू करतात, आणि उपाशी ठेवून आपण तेच स्नायू वाळवतो. दंड बघा अशा पेशंटचे, पोट मोठं आणि दंडावर नुसती कातडी. ताजे मासे, अंडी, मूग, आळसांदे, दही, दूध, पनीर, जे झेपेल ते थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. आणि रात्री झोपायच्या आधी काहीतरी खायला द्याच, दूध आणि केळं, नाहीतर पोदेराकडचा उंडो म्हणजे पाव आणि अंडं. रात्रीच्या जेवणापासून सकाळपर्यंत दहा-बारा तास पोट रिकामं राहिलं की अशा पेशंटचं शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं. डायबेटीस असेल तर काय द्यायचं ते विचारून घ्या पण रिकाम्या पोटी झोपवू नका. तिसऱ्यो, कालवं आवडत असतील तर पूर्ण शिजवूनच द्या, कच्च्या-अर्धकच्च्या शिंपल्यांतले जंतू अशा पेशंटच्या रक्तात उतरले तर माणूस दोन दिवसांत जाऊ शकतो.

रक्तस्रावाचं थोडक्यात सांगते पण हे पाठ करून ठेवा. संडास डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, किंवा उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तर वाट बघायची नाही, १०८ लावायची. गाडी येईपर्यंत पेशंटला डाव्या कुशीवर झोपवा म्हणजे उलटी श्वासात जाणार नाही, तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटलेल्या असतात, वॉर्डात त्या वेळी दोन जाड सुयांतून सलाईन, रक्ताची पिशवी, अँटिबायोटिक, मग एंडोस्कोपीने शिरा बांधणं, एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. रात्रपाळीत असा पेशंट आला की बाकीचा वॉर्ड त्या एका बेडमागे उभा राहतो, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. ताप आला आणि पोट दुखायला लागलं तर तेही घरी बसायचं कारण नाही, पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालेलं असू शकतं आणि कधी कधी ताप नसतानाही ते होतं, नुसता गोंधळ वाढतो. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या देऊ नका, त्याने किडनीही जाते आणि रक्तस्रावही होतो. पॅरासिटामॉल डॉक्टरला विचारून, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत.

अंगाची खाज ही बाहेरच्याला क्षुल्लक वाटते पण पेशंटला ती रात्र रात्र झोपू देत नाही. नखं बारीक कापा, सुती सैल कपडे, गार पाण्याने अंग पुसून ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा. दात घासायला मऊ ब्रश, दाढीला ब्लेड नको. सुजलेल्या पायांची कातडी पातळ झालेली असते, दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर कमरेला जखम होते, मग ती भरत नाही.

आता हिपॅटायटीस बी कडे येते, कारण इथे सेवेपेक्षा छळच जास्त होतो. एक तरुण मुलगी, पहिलंच बाळंतपण, रक्ततपासणीत हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह आली. घरात तिचं ताट वेगळं, कप वेगळा, सासूने तिला स्वयंपाकघरात यायला बंदी केली, वर नवऱ्याला विचारणं की ही कुठून घेऊन आली. पुष्कळदा हा व्हायरस जन्माच्या वेळी आईकडून किंवा लहानपणीच आलेला असतो आणि माणसाला पन्नास वर्षं पत्ता नसतो. हिपॅटायटीस बी एका ताटात जेवून पसरत नाही, मिठी मारून, खोकल्याने, एका बाथरूममधून पसरत नाही. रक्तातून, असुरक्षित संबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. घरात रेझर, ब्रश, नेलकटर वेगळं ठेवायचं, रक्त सांडलं तर हातमोजे घालून ब्लीचच्या पाण्याने पुसायचं कारण बाहेर पडलेल्या रक्तात हा व्हायरस सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, घरातल्या सगळ्यांनी तपासून घेऊन लस घ्यायची, एवढंच. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन दिलं तर बहुतेक बाळं लागणीपासून वाचतात, आणि आईने अंगावर पाजायलाही हरकत नाही. त्या मुलीच्या सासूला मी ओट्यावर बसून हे सगळं सांगितलं, तासभर गेला, शेवटी त्या बाई म्हणाल्या, "मग हे आम्हाला तिकडे कोणी का नाही सांगितलं?" तिचं ताट त्याच रात्री सगळ्यांबरोबर लागलं.

हिपॅटायटीस सी तर आता बरा होतो, हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही. बहुतेकांना बारा आठवडे रोज गोळ्या, शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. २०१८ च्या २८ जुलैला केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. ज्यांना जुन्या काळी रक्त चढवलंय, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांनी जत्रेच्या फेरीत नाहीतर किनाऱ्यावर कुठेतरी टॅटू काढून घेतलाय, त्यांनी एकदा तपासून घ्या.

आमच्या नर्स मुलींचंही थोडं सांगते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटीस बी च्या रक्ताची सुई टोचली तर शंभरातल्या सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते, एचआयव्हीत हा धोका हजारात तीन एवढाच आहे, तरी सगळे घाबरतात ते एचआयव्हीला. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, प्रत्येक पेशंटचं रक्त धोक्याचंच समजायचं, पण बेडवर "पॉझिटिव्ह" असा बोर्ड लावून माणसाची बदनामी करायची नाही. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळत बसायचं नाही, लगेच रिपोर्ट करायचं. नर्सना तीन डोस मिळतात. पण कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या कंत्राटी बायका, अटेंडंट, लॉण्ड्रीवाले, त्यांना कोण विचारतं? सुया तर त्यांनाही टोचतात. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस त्यांना मिळालेच पाहिजेत आणि त्यानंतर अँटिबॉडी तपासून बघितली पाहिजे. गोव्यातल्या प्रत्येक हॉस्पिटलने, सरकारी असो की खाजगी, कंत्राटदाराकडे याचा हिशेब मागावा.

दारूबद्दल लिहिलं नाही तर पत्र अर्धवट राहील. उर्राकचा सीझन आला की "ही हलकी असते", फेणी असेल तर "ही औषधी", बिअर असेल तर "ही दारूच नाही". सिरोसिस झालेल्या लिव्हरला यातलं काहीच चालत नाही, एक पेगसुद्धा नाही, आणि कुठल्याही स्टेजला सोडली तरी फायदा होतोच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पोटातलं पाणी आटलेलं पाहिलंय. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच एका दिवसात सोडायची नसते. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस बेडवरून उड्या मारतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवायची, आणि अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी थायमिन म्हणजे बी वन द्यायला लागतं हे वॉर्डातल्या नव्या मुलींनीही लक्षात ठेवावं. सगळ्यात वाईट म्हणजे "स्वतःच्या कर्माने केलंय, भोगू दे" हे बोलणं, नातेवाइकांचंही आणि कधी कधी आमच्या लोकांचंही. त्या बेडवरच्या माणसाला तहान लागलेली असते, लाज वाटत असते, भीती वाटत असते. त्याचं तोंड ओलं करणं, त्याला नावाने हाक मारणं, त्याच्या बायकोला बसायला स्टूल देणं ही नर्सिंग आहे, आणि लिव्हर कशाने खराब झालं हे विचारून ती कमी-जास्त करायची नसते. शिवाय लिव्हरचा प्रत्येक पेशंट पिणारा नसतो. डायबेटीस, वाढलेलं वजन, फॅटी लिव्हर यातून सिरोसिस झालेल्या, आयुष्यात थेंब न घेतलेल्या बायका वॉर्डात असतात आणि त्यांनाही येणारा-जाणारा विचारतो "पीत होता काय?" गोव्यातल्याच एका संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या लोकांना ट्रेनिंग देऊन पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार वेळा बोलायला लावलं, त्याचा चांगला फरक पडला, २०१७ मध्ये त्याचा अभ्यास जगभर वाचला जाणाऱ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. आपल्याच गावात सिद्ध झालेली गोष्ट आपल्या प्रत्येक केंद्रात कायमची का असू नये?

कावीळ उतरवणाऱ्या गावठी औषधांवर मला कोणाशी भांडायचं नाही. दूषित पाण्यातून होणारी ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते, त्यामुळे ज्याने जे दिलं त्याला श्रेय मिळतं. पण पाण्यातूनच येणारी ई ची कावीळ गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत जीवघेणी ठरू शकते, तिला एक दिवसही पाळंमुळं देत घरी ठेवू नका. आणि ज्याचं लिव्हर आधीच खराब आहे त्याला काढे देऊ नका, कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेऊन लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलीय.

मला माहीत आहे वॉर्डातल्या मुली काय म्हणतील. सिस्टर, आम्हाला पाणी प्यायला वेळ नाही, अर्धा तास कुठून काढू? खरं आहे. एकेका पाळीत इतके पेशंट असतात की औषधं देऊन चार्ट भरेपर्यंत ड्युटी संपते. म्हणूनच हे मी मुलींना लिहीत नाही, आरोग्य खात्याला लिहितेय. मोठ्या वॉर्डात डिस्चार्जच्या शिकवणीसाठी एक नर्स वेगळी ठेवा, तिला दुसरं काम देऊ नका. कार्डाच्या मागे मराठीत आणि कोकणीत, मोठ्या अक्षरांत, सिरप, वजन, मीठ आणि धोक्याच्या खुणा छापा. पेशंट ज्या भागातला आहे तिथल्या आरोग्य केंद्राच्या नर्सला त्याच दिवशी कळवा आणि पहिल्या आठवड्यात तिने एकदा घरी जाऊन यावं, कारण बिघडायचं असेल तर बहुतेक त्याच दिवसांत बिघडतं. आणि एक फोन नंबर द्या, जिथे रात्री दोन वाजता सुनेने विचारलं की "बाबा सही नीट करत नाहीत, काय करू" तर पलीकडून कोणीतरी उत्तर देईल.

हे सुरू व्हायला वेळ लागेल तोपर्यंत डिचोली, साखळी, वाळपई भागातल्या कुठल्याही आरोग्य केंद्राने, महिला मंडळाने किंवा देवस्थान समितीने बोलावलं तर मी येऊन घरच्या बायकांना हे सगळं हाताने करून दाखवायला तयार आहे, मानधन नको, फक्त एक वजनकाटा आणि एक टेप ठेवा. माझा नंबर आपल्या ऑफिसात दिलेला आहे, जो मागेल त्याला द्यावा.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स,
डिचोली, गोवा